परभणी लपवू नकोस

बजाजनगर, वाळूज

लेकरा,

तुझा मेसेज आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी जागाच होतो, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही. रागात दिलं असतं. लिंक्डइनवरची, म्हणजे त्या नोकरीच्या ओळखी जुळवायच्या साइटवरची, तुझी प्रोफाइल उघडून बसलो होतो ना. 'पॅशनेट मेकॅनिकल एंथुझियास्ट, डायनॅमिक लीडर, पुणे.' पुण्याला तू कधी राहिलास रे? आत्याच्या पोरीच्या लग्नाला दोन दिवस गेला होतास तेवढाच. आणि लीडर कुणाचा? वर्षभर वाळूजच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथे, अप्रेंटिस होतास, ते तर सगळ्यात खाली, एका ओळीत कोंबलंयस. परभणीचं नावच नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून लोक हसतात, म्हणून लपवलंस काय?

'काका, लिंक्डइन बंदच करून टाकू का?' असं विचारलंयस. बंद करू नकोस. हाताने केलंय तेवढंच लिही, म्हणजे झालं.

दिवाळीत ओसरीवर बसून तू मला त्या ब्रॅकेटचं सांगितलं होतंस, आठवतंय? दोन मिलिमीटरचा पत्रा, कापल्यावर कडेला बर, म्हणजे खरखरीत कंगोरा, यायला लागला. सगळे ऑपरेटरवर ओरडत होते. तू टूल उघडल्यावर पत्रा कापणाऱ्या पंचाची धार नखावर फिरवून पाहिलीस आणि भीत भीत म्हणालास, धार बसलीय, बोथट झालीय. टूल रेग्राइंडला, पुन्हा धार लावायला गेलं, बर थांबला. सांगताना तुझा चेहरा बघायला पाहिजे होतास. हे लिहायला चार ओळी लागतात. वाळूज असो, शेंद्रा असो की चाकण, टूलरूममधला कुठलाही माणूस त्या चार ओळींपाशी थांबेल. 'पॅशनेट' तर सगळेच आहेत, त्यापाशी कोण थांबतंय?

आता म्हणशील, काकाचं काय जातंय सांगायला. तर माझंच ऐक.

बावीस वर्षं मी एकाच कारखान्यात काढली. काम बोलतं, आपण बोलायचं नाही, असा माझा हेका. मग आमची लाईन दुसऱ्या राज्यात हलवली. तेव्हा मी ४६ वर्षांचा, आणि गेटाबाहेर मला ओळखणारं कुणी नाही. शेजारच्या पोराने प्रोफाइल करून दिली आणि तीत मला सिक्स सिग्माचा, म्हणजे आकडेमोड करून मालातले दोष कमी करायच्या पद्धतीचा, तज्ज्ञ करून टाकलं. मी वाचलं. आवडलं. राहू दिलं. चाकणला मुलाखतीत समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, सीपीके, म्हणजे प्रोसेस मापाच्या मर्यादेत किती नीट बसते तो आकडा, १.३३ च्या वर का मागतात? प्रोसेस माझ्या हाताला माहीत होती, मशीनचा आवाज ऐकून मी जॉब सांगायचो, पण ते गणित मी कधी केलंच नव्हतं. पाणी प्यायलो. त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही, चहा मात्र पाजला. मला जे येत होतं ते विचारायची वेळच आली नाही, कारण जे येत नव्हतं तेच मी वर लिहून ठेवलं होतं. म्हणून सांगतो, हाताने केलंय तेवढंच लिही.

त्या रागात तीन वर्षं खातं उघडलं नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा महाग. उघडलं तर आत एक मेसेज पडलेला. उमरग्याकडचा एक पोरगा, माझ्या हाताखाली सहा महिने शिकून गेलेला, आता एका कंपनीत क्वालिटीचा प्रमुख. 'सर, एक जागा आहे, तुमचंच नाव डोळ्यासमोर आलं, कळवा.' अडीच वर्षांपूर्वीचा. मला त्याचा चेहरासुद्धा नीट आठवेना.

नोकरी अशाच माणसांकडून येते बघ. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच मांडलं होतं की जवळच्यांपेक्षा जुजबी ओळखीची माणसं इथे जास्त उपयोगी पडतात. आपण रोज ज्यांच्याबरोबर चहा पितो त्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, नवी खबर लांबचा माणूस आणतो. २०२२ साली लिंक्डइनच्याच दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष आला, तोही तसाच. अगदी परकी नाहीत आणि अगदी घरचीही नाहीत, अशी ओळख सगळ्यात कामाची. तेव्हा पाच हजार अनोळखी माणसं जोडण्यापेक्षा तुझ्या शिफ्टचा सुपरवायझर, पॉलिटेक्निकचे सर, टूल घेऊन येणारा तो व्हेंडर, यांना शोध. सोबत दोन ओळी लिही, कुठे भेटलो होतो ते सांग. फुकटच्या खात्यातून अशा चिठ्ठ्या मोजक्याच जातात, त्या 'रिस्पेक्टेड सर, काइंडली हेल्प' लिहून वाया घालवू नकोस. मला असले मेसेज खूप येतात. मी उत्तर देत नाही. उद्धट म्हण, पण काय येतं ते न सांगणाऱ्याला मी कुणाकडे पाठवू?

आता ते साडेचार हजार. 'एचआर मॅडम'ने गेटपास आणि युनिफॉर्मचं डिपॉझिट मागितलंय, परत मिळेल म्हणालीय. एक रुपया भरू नकोस! नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही, हे तुझ्या आजीलाही कळलं असतं. भरले असशील तर लाजत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. तिच्या खात्यावर 'व्हेरिफाइड'ची खूण आहे की नाही यात पडू नकोस, कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर काढ आणि तिथे विचार. आणि तुझा तो मित्र थायलंडच्या डेटा एंट्रीचं बोलत होता ना, त्याला माझ्याकडे घेऊन ये. अशाच नोकरीच्या नावाने नेलेली आपली पोरं म्यानमार-कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली, सरकारला सोडवून आणावी लागली. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी बघायचं.

प्रोफाइलवरून मोबाइल नंबर आणि जन्मतारीख काढून टाक. २०१२ साली लिंक्डइनकडून पासवर्ड चोरीला गेले होते, आणि २०१६ साली कळलं की ११ कोटी ७० लाख जणांचे ई-मेल आणि पासवर्ड विकायला काढलेत. तुझा पासवर्ड बँकेचाच असेल, मला खात्री आहे. बदल. सध्या जिथे आहेस तिथे कळायला नको असेल तर फोटोभोवतीची ती 'काम शोधतोय' सांगणारी हिरवी पट्टी लावू नकोस. 'फक्त रिक्रूटरला दिसू दे' असा पर्याय आहे, पण तुझ्या कंपनीला कळणारच नाही याची हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही.

वर्गातल्या पोरांच्या 'आनंदाने कळवतो की'वाल्या पोस्टी बघून झोप लागत नाही म्हणालास. मग रात्री बघतोस कशाला?

माझी दोनशे बारा माणसं आहेत तिथे. भाचा हसतो. हसू दे. मी गप्प राहिलो ते सगळंच चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. त्या बावीस वर्षांत मी जे शिकलो ते पोस्टी टाकत बसलो असतो तर शिकलो नसतो, आणि तो उमरग्याचा पोरगाही काही माझी प्रोफाइल वाचून आला नव्हता. पण त्याला मला शोधता आलं, ते तिथेच. एवढं कबूल करतो.

शनिवारी दुपारी दोननंतर घरी ये, पहिली शिफ्ट सुटली की. लॅपटॉप आण. प्रोफाइलवर 'अबाऊट'मध्ये, स्वतःबद्दल लिहायच्या जागी, त्या ब्रॅकेटच्या चार ओळी आपण बसून लिहू, तू सांग, मी खोडतो. आणि बाबांना सांग, ज्वारी पाठवू नका, मागची अजून अर्धं पोतं पडलीय.

तुझा,
काका