प्याद्याचा वजीर करण्याआधी

प्रश्न : माझा ११ वर्षांचा मुलगा इंदुरातील स्पर्धांमध्ये बुद्धिबळ खेळतो. डावाच्या अखेरीस एक प्यादे जास्त असूनही त्याचे डाव वरचेवर बरोबरीत सुटतात. गेल्या महिन्यात त्याने प्याद्याचा वजीर केला आणि स्टेलमेट झाले, म्हणजे समोरच्याला शह नसतानाही खेळायला एकही खेळी उरली नाही आणि डाव बरोबरीत सुटला. घरी संगणकाने जिंकणारी खेळी क्षणात दाखवली. पटावर बसल्यावर ती त्याची त्याला कशी सापडावी? (एक पालक, रामबाग)

उत्तर : संगणकाने दाखवलेली खेळी पाठ होते, पण ती शोधण्याची रीत त्यातून कळत नाही, म्हणून काही दिवस तो बंदच ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी घरच्या पटावर एक जुनी मांडणी मांडा (पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभे स्तंभ डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून १ ते ८). पांढरा राजा बी-६ वर, प्यादे सी-६ वर, काळा राजा ए-१ वर आणि हत्ती डी-५ वर, खेळी पांढऱ्याची. ग्लासगो येथील एका वृत्तपत्राच्या बुद्धिबळ सदरात १८९५ साली ही मांडणी बरोबरीची म्हणून आली होती. तिथेच राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांदो सावेद्रा यांनी तीत पांढऱ्याचा विजय दाखवून दिला.

प्यादे सी-७ वर जाते, हत्ती डी-६ वरून शह देतो. आता राजाने कुठे जावे? बी-७ वर गेला तर हत्ती डी-७ वर येऊन प्यादे जखडतो, म्हणजे प्यादे हलले तर मागच्या राजाला शह बसेल. सी-५ वर गेला तर हत्ती डी-१ गाठतो आणि वजीर होताच सी-१ वरून शह देऊन तो मारतो. म्हणून राजाने बी-५, बी-४, बी-३ असे एकेक घर उतरत, प्रत्येक शह चुकवत, शेवटी सी-२ वर यावे. इथे काळा हत्ती डी-४ वर जाऊन वाट पाहतो, आणि तुमच्या मुलाची जी चूक झाली ती नेमकी इथेच होते. वजीर केला की हत्ती सी-४ वर येऊन शह देतो. वजिराने तो मारावा, तर ए-१ वरच्या राजाला ना शह ना हलायला घर. वजिराऐवजी हत्ती करावा. तो लगेच ए-८ वरून मात करण्याची धमकी देतो, त्यामुळे काळ्याला आपला हत्ती ए-४ वर आणावाच लागतो. मग पांढरा राजा बी-३ वर येतो : एकाच खेळीत हत्तीवर हल्लाही होतो आणि सी-१ वर मातही दिसू लागते. काळ्याला दोन्ही सावरता येत नाही.

ही खेळी सापडण्याचा मार्ग माझ्या मते एकच आहे. मनात पहिली आलेली खेळी करण्याआधी ‘यावर समोरच्याचे सर्वांत चिवट उत्तर कोणते?’ असे विचारावे, आणि ते उत्तर सापडले की ते कशामुळे शक्य होते हे पाहावे. वरच्या मांडणीत सी-४ वरचा शह काळ्याला तारतो, कारण वजीर ए-२ हे घरही रोखून धरतो. सी-४ वर हत्तीने मारले असते तर ते घर मोकळे राहिले असते. एवढे दिसले की वजिराऐवजी हत्ती करण्याचे आपोआप सुचते.

रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर पाच-सहा मुले पट मांडतात. प्यादे सातव्या घरावर असतानाच त्यांच्या मुठीत मारलेला वजीर तयार असतो. हात पुढे गेला की डोके मागे पडते. म्हणून मारलेल्या मोहऱ्यांचा डबा मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. तिथपर्यंत उठून जाताना बहुतेकांना एकदा तरी परत पटाकडे पाहावेसे वाटते.

आपल्या जुन्या घरगुती खेळात अनेक ठिकाणी प्यादे ज्या घरी पोचे त्या घरचाच मोहरा होई. सी-८ हे उंटाचे घर, त्यामुळे त्या नियमाने इथे उंट झाला असता आणि विजय हुकला असता. मुलाला हेही सांगा, निवड आपल्या हाती असण्याचे मोल त्याला कळेल.

पुढच्या आठवड्यासाठी सोपी मांडणी : पांढरी प्यादी ए-५, बी-५, सी-५ वर, काळी ए-७, बी-७, सी-७ वर, पांढरा राजा जी-१, काळा जी-५. पांढऱ्याने बी-६ खेळावे. ए-स्तंभातील प्याद्याने ते मारले तर सी-६ का, आणि सी-स्तंभातील प्याद्याने मारले तर ए-६ का, हे तुम्ही सांगू नका; त्याच्याच तोंडून ऐका.