गोदावरी ठेवा, पण आधी हाक ठरवा

प्रश्न: मुलगी पाच आठवड्यांची आहे, मी अजून नाशिकला माहेरीच आहे. माझ्या आजीच्या आईचं नाव गोदावरी, तेच लेकीला ठेवायचं फार मनात आहे. नवरा तयार आहे. सासूबाई म्हणतात, "म्हातारीचं नाव, शाळेत पोरं चिडवतील." नणंदेने आत्याच्या हक्काने 'कियारा' ठरवून ठेवलंय आणि गुरुजींनी 'वा' अक्षर काढून दिलंय. बारसं पुढच्या महिन्यात पुण्याला. काय करू?

उत्तर: सगळ्यात सोपा गुंता गुरुजींचा, तो आधी सोडवू. 'वा' हे रोहिणी नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर, म्हणजे ते नावरस नावासाठी, जन्मनक्षत्रावरून पत्रिकेत लिहितात त्या. पत्रिकेत वासंती लिहून घ्या आणि जन्मदाखल्यावर गोदावरी. पत्रिकेतलं नाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं असणं ही आपल्याकडे जुनीच रीत आहे, त्याला कुणी हरकत घेणार नाही. कुणी नदीच्या नावावरून शास्त्र काढलंच, तर नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये असं मनुस्मृती सांगते खरी. पण गंगा, यमुना, कृष्णा, गोदावरी नावाच्या सुनांनी महाराष्ट्रातली घरं भरलेली होती. लोकांनी ते कधीच मनावर घेतलं नाही.

आता खरा प्रश्न. चार अक्षरी जुनं नाव घरात पूर्ण उच्चारलं जात नाही, आठवड्याभरात ते दोन अक्षरांवर येतं. तुमची मुलगी जन्मभर जे ऐकणार आहे ते गोदावरी नव्हे, त्याचं लहान रूप. गोदा, गोदू, गोदी, की नुसतं वरी? वरी नको, उपासाचे तांदूळ आठवतात. 'गोदी'चं 'गोदाम' व्हायला शाळेत एक मधली सुट्टी पुरते. 'गोदा' मात्र छान टिकतं. म्हणून हाक तुम्हीच ठरवा आणि पहिल्या दिवसापासून तीच लावून धरा. ठरवली नाहीत तर शेजारचं पोर ठरवेल. आणखी एक करून बघा: तेच नाव रागाने, स्वयंपाकघरातून, मोठ्याने हाक मारून म्हणा. "गोदे, खाली उतर!" हे तुमच्या तोंडून निघताना ओशाळं वाटलं नाही, तर नाव पचलं समजा. हीच कसोटी लावली की यमुनाची 'यमी' होते आणि भागीरथीची 'भागी'. हिंदी वर्गमैत्रिणींमध्ये 'भाग'चं काय होणार ते सांगायला नको. कृष्णा, कमल ही नावं महाराष्ट्राबाहेर मुलाची समजतात. बदलीची नोकरी असेल तर आयुष्यभर फॉर्मवर 'श्री' खोडत बसावं लागतं. गोदावरीला ती अडचण नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. गोदावरी म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोण येतं, एवढंच त्यांना विचारा. त्यांच्या लहानपणी गोदाक्का म्हणजे ओटीवर जपमाळ ओढत बसलेली, नऊवारीतली कुणीतरी म्हातारी. तुमच्या मुलीच्या वर्गात तशी गोदाक्का कुणी पाहिलेलीच नसेल. पण उत्तरात सासरच्याच एखाद्या गोदावरीचं नाव निघालं, अकाली गेलेली, टाकलेली, फार सोसलेली, तर तो आक्षेप मोठा आहे आणि त्याला मान द्या. अशा वेळी 'गौतमी' हाताशी ठेवा. तीच नदी, गौतम ऋषींवरून पडलेलं नाव.

तुमच्या आजीलाही एक विचारून घ्या: गोदावरी हे पणजीचं माहेरचं नाव की सासरचं? त्या काळी लग्नात नाव बदलायचं. धोंडो केशव कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई होत्या आणि रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. पणजीची आठवण जपायची तर आईवडिलांनी ठेवलेलं नाव कोणतं, हे कळलेलं बरं. कदाचित ते तुम्हाला आणखी आवडेल. फक्त दाखल्यावर 'बाई' जोडू नका. आणि नकुशी, धोंडी, दगडी असं काही निघालं, तर आठवण मनात ठेवा, नाव नको.

नणंदेचा मान कानात नाव सांगण्याचा आहे, तो पूर्ण द्या. साडी चांगली घ्या. ताटातल्या तांदळांवर अंगठीने एकच नाव लिहायचं असं कुठे आहे? देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव, व्यवहारनाव अशी चार नावं परंपरेतच आहेत. पाचवं कियारा लिहू द्या आणि त्यांना त्याच नावाने लाड करू द्या. मात्र दाखल्यावरचं नाव गोदावरी आहे, हे त्यांना बारशाच्या आधी, नवऱ्याने, फोनवर सांगावं. पाळण्यापाशी सगळ्यांदेखत कळलं तर ती नाराजी वर्षानुवर्षं पुरते.

कागदांचं नीट ऐका. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही; म्हणजे तुमचं काम नाशिकला, पुण्याच्या वॉर्ड ऑफिसात नव्हे. रुग्णालयाने 21 दिवसांत नोंद कळवलेली असेल, बहुधा नावाचा रकाना कोरा ठेवून. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव बदलणं फार किचकट, तेव्हा भांडण मिटेपर्यंत घाईने काहीतरी लिहून देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. शिवाय शाळेच्या दप्तरी आता मुलीचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव असे चार शब्द येणार. गोदावरी लांब आहे, फॉर्मचे चौकोन मोजून पाहा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये. 'व'साठी एका कागदावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू', किंवा 'व' आणि 'री'मधला 'ए' गाळलेला. आधारला एक आणि पासपोर्टला दुसरं झालं की प्रतिज्ञापत्रांच्या फेऱ्या सुरू. 'व्ही' घ्या, नदीचं रूढ स्पेलिंग तेच आहे. एका कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही सुवाच्य लिहून अर्जाला जोडा, आणि छापण्याआधी मसुदा दाखवला तर 'री' दीर्घ आहे का तेही बघा. बारशाआधी घरात एकमत झालं, तर नाशिक सोडण्यापूर्वीच अर्ज देऊन टाका; नाहीतर तान्ह्या बाळाला घेऊन पुण्याहून खेप पडेल.