सीटीचा डोस कमी केला की इमेज दाणेदार येते, काय करू?

भाऊ, तुमची अडचण अशी: नागपूरच्या धंतोलीतल्या सेंटरवर उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट वाढलेत, त्यातले काही तरुण वर्षात दुसऱ्या-तिसऱ्यांदा येतात. म्हणून तुम्ही एमए (एक्स-रे ट्यूबचा करंट, ज्यावर रेडिएशनचा डोस ठरतो) खाली आणला, आणि दाणेदार इमेज पाहून रेडिओलॉजिस्ट सरांनी जुन्या सेटिंगवर जायला सांगितलं.

तुमची काळजी रास्त आहे, सरांची हरकतही रास्त आहे. फक्त एमएला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो. डोस निम्मा केला की नॉइज (म्हणजे हेच दाणे) सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, मग मशीन कोणत्याही कंपनीचं असो. म्हणून आधी ठरवा की या तपासणीत दाणे चालतील का.

मुतखड्यात चालतात. खडा कित्येकशे एचयूचा (एचयू म्हणजे सीटीवरचं घनतेचं माप) आणि शेजारची किडनी 30 च्या आसपास, त्यामुळे दाण्यांतूनही तो उठून दिसतो. लिव्हरमधली गाठ मात्र कधीकधी आजूबाजूपेक्षा 10-20 एचयूनेच वेगळी असते, ती दाण्यांत हरवते. सगळ्या पोटांना एकच प्रोटोकॉल लावला की खड्याच्या पेशंटला लिव्हरचा डोस बसतो. केयूबीचा (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा, खड्यासाठीचा स्कॅन) वेगळा लो-डोस प्रोटोकॉल करा, आणि तो सरांना शेजारी बसवूनच करा. ताप असेल, अपेंडिक्सची शंका असेल किंवा पेशंट खूप जाड असेल, तर तो लावू नका.

सरांना कोणत्या जाडीच्या स्लाइस पाठवता? 1 मिमीच्या ऐवजी 4 मिमीच्या केल्या तर नॉइज निम्म्यावर येतो, एमए न वाढवता. पातळ स्लाइस रिफॉर्मॅटसाठी (दुसऱ्या कोनातून इमेज बनवायला) ठेवा, वाचायला जाड आणि मऊ कर्नलच्या (दाणे कमी दाखवणाऱ्या फिल्टरच्या) द्या. सरांची निम्मी तक्रार इथेच मिटेल असं मला वाटतं.

आता सेंटरिंग, म्हणजे पेशंटला मशीनच्या बरोबर मध्यावर ठेवणं. यावर मी नव्या पोरांना सगळ्यात जास्त बोलतो, कारण गर्दीच्या वेळी हेच सुटतं. ऑटो एमए (एमए आपोआप ठरवणारी सोय) पेशंटची जाडी स्काउटवरून (स्कॅनआधीच्या सपाट इमेजवरून) ओळखतो. ट्यूब वर ठेवून स्काउट घेतला आणि टेबल उंच राहिलं, तर पेशंट ट्यूबच्या जवळ जातो, सावली मोठी पडते आणि मशीन त्याला जाड समजून एमए चढवतं. टेबल खाली राहिलं तर उलट होतं, एमए कमी पडतो आणि दाणे येतात. त्यात ट्यूबसमोरचा बो-टाय फिल्टर मधोमध पातळ आणि कडांना जाड असतो. पेशंट मध्यावरून सरकला की एका बाजूला डोस वाढतो, दुसऱ्या बाजूला नॉइज. लेझर पाहून टेबलची उंची जुळवायला अर्धा मिनिट लागतो, तो द्याच. हात डोक्यावर घ्यायला लावा. अंगालगत राहिले तर एमएही वाढतो आणि पट्टेही येतात.

मग रेंज आणि फेज. केयूबी किडनीच्या वरच्या टोकापासून प्युबिक सिम्फिसिसपर्यंत (ओटीपोटाखालच्या हाडाच्या सांध्यापर्यंत) पुरे, निम्मी छाती कशाला? साध्या खड्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही. जिथे लागतो तिथेही प्रत्येक फेज (कॉन्ट्रास्टच्या ठराविक टप्प्यावर घेतलेला स्कॅन) म्हणजे जवळजवळ आणखी एक पूर्ण स्कॅन, तेव्हा तो का हवा ते सरांना विचारा. नको असलेला फेज काढल्याने जेवढा डोस वाचतो, तेवढा कन्सोलवरच्या कुठल्याच बटणाने वाचत नाही.

केव्हीचं (ट्यूबच्या व्होल्टेजचं) वेगळं आहे. कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनची के-एज (जिथून ते एक्स-रे एकदम जास्त शोषतं ती ऊर्जा) 33 केईव्हीला असल्याने 120 वरून 100 केव्हीवर आलं की आयोडीन सुमारे पाव हिस्सा जास्त उजळ दिसतं आणि त्याच एमएएसला (एमए गुणिले सेकंद) डोस साधारण एक तृतीयांश घटतो. सडपातळ पेशंटच्या अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला) हे फार उपयोगी. जाड पेशंटला 120 च ठेवा.

इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (नॉइज कमी करून इमेज बनवणारं सॉफ्टवेअर) असेल तर मधल्या लेव्हलवर वापरा. शेवटच्या लेव्हलला इमेज मेणासारखी गुळगुळीत होते आणि बारीक फरक पुसले जातात. एवढं झाल्यावर एमए, तोही पायरीपायरीने. नॉइज इंडेक्स (किती दाणे चालतील हे ऑटो एमएला सांगणारा आकडा) 10 वरून 11 केला तरी डोस सुमारे 17 टक्क्यांनी उतरतो. एक पायरी उतरा, सरांना काही दिवस वाचू द्या, मग पुढची.

लहान मुलांना मोठ्यांचा प्रोटोकॉल कधीच लावू नका.

एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची (शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं एकक) मर्यादा आपल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या, डोस मोजणाऱ्या बॅजसाठी आहे. पेशंटला अशी मर्यादा नाही, म्हणून त्याचा हिशोब आपणच ठेवायचा. पोटाचा डीएलपी (मशीन दाखवतं तो पूर्ण स्कॅनच्या डोसचा आकडा) गुणिले 0.015 केलं की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात: 600 आला तर 9, 200 आला तर 3. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिळतात. आणि गडचिरोली-चंद्रपूरहून आलेल्या पेशंटला फिल्मबरोबर सीडीही द्या, म्हणजे पुढच्या दवाखान्यात तोच स्कॅन पुन्हा व्हायची वेळ सहसा येणार नाही.

या आठवड्यातल्या सगळ्या केयूबींचे डीएलपी डोस रिपोर्टवरून उतरवून इथे टाका, सोबत केव्ही, स्लाइसची जाडी आणि पेशंटचं वजन. ते पाहून सुरुवातीचा नॉइज इंडेक्स किती ठेवायचा ते सांगतो.