पतसंस्थेत कर्ज विभागात काम केलंय, आता सांगलीत प्रॉपर्टी एजंट व्हायचंय. जुना अनुभव वाया जाईल का?

अजिबात नाही, उलट तोच तुमचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे. घर दाखवणारे सांगली-मिरजेत भरपूर आहेत हो, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, फेरफार म्हणजे मालकी बदलाची नोंद मंजूर झालीय का, गुंठेवारीतला म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर नियमित केलाय का, हे सौदा ठरायच्या आधी बघून सांगणारा माणूस गिऱ्हाइकाला लवकर मिळत नाही आणि तुम्ही तर कर्जाच्या फाइलीत हेच बघत आला असणार. शिवाय समोरच्याच्या पगारात किती हप्ता झेपेल हे तुम्हाला चटकन कळतं, मग साठ लाखाचं स्वप्न दाखवून टोकन घ्यायची वेळच येत नाही. नाही झेपत तर तसं तोंडावर सांगा, लोक ते लक्षात ठेवतात.

माझ्या ओळखीतल्या एक ताई आधी नर्स होत्या, आता याच धंद्यात आहेत. गिऱ्हाइकाचे म्हातारे आईवडील असतील तर त्या लिफ्ट, जिन्याची उंची आणि दवाखाना किती लांब हे आधी बघतात, मला ते फार पटतं.

फक्त इथलं एक वेगळं शिकावं लागेल, ते म्हणजे पूर. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते गल्लीत फिरून जुन्या लोकांना विचारा, कारण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, पण तुम्ही दाखवताय त्या घरात किती फुटांना शिरतं हे शेजारीच सांगतात.

आणि महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाची) एजंटची परीक्षा, रजिस्ट्रेशन आधी उरकून घ्या.