जोखमीचे बाळंतपण आणि मोजका हस्तक्षेप

ताई, रक्तदाब वाढलेला असतानाही बाळंतपण शक्य तितके नैसर्गिक व्हावे ही तुमची इच्छा अवाजवी नाही. मात्र घरी बाळंत होण्याचा विचार आजच सोडून द्या. जेथे रात्रीही सिझेरियनची, रक्ताची आणि नवजात अतिदक्षता कक्षाची सोय असते, असे ठिकाण आधी निश्चित करा. केज-धारूरकडच्या बाईला अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ पडते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. गर्दी फार, म्हणून प्रश्न लिहूनच न्या. ‘काहीच नको’ असे सरसकट सांगितले की डॉक्टर पुढचे ऐकतच नाहीत, असे मी पाहिले आहे. त्याऐवजी कळांमध्ये चालता-फिरता येईल का, आई किंवा सासू सोबत राहू शकेल का, बाळ बाहेर येताना योनीमुखाशी द्यायचा छेद सर्वांनाच देतात की गरजेपुरता, आणि बाळ ठीक असल्यास नाळ किमान एक मिनिट थांबून कापता येईल का, हे विचारा. बाळाचे ठोके सतत पाहणे किंवा वेळेआधी कळा आणणे याला मात्र विरोध करू नका, कारण रक्तदाब चढत असताना वाट पाहिल्यास आईला झटके येऊ शकतात.

पहिलटकरीण म्हणून माहेरी जाणार असाल, तर तिथले रुग्णालय सातव्या महिन्यातच पाहून घ्या आणि सर्व अहवाल सोबत ठेवा. डोके सतत ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखू लागले, तर कळांची वाट न पाहता 108 ला फोन करा.