मुनीमजी काही वही सोडत नाहीत!

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. दोन महिन्यांआधी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं, पण मुनीमजी अजून वहीतच लिहितात अन् रात्री मलाच सगळं कॉम्प्युटरमधे टाकावं लागते. काय करू?

उत्तर : भाऊ, पहिले ती रात्रीची एन्ट्री बंद करा, तुम्ही करून देता तोवर ते कायले शिकतील बाप्पा! अन् एका दिवसात सगळं शिकवू नका, पहिला आठवडा फक्त विक्री, एफ८ दाबलं की तिचं व्हाउचर, म्हणजे नोंदीचं पान, उघडते, ते हाताला बसलं की एफ९ वर खरेदी, मग एफ६ वर आलेला पैसा अन् एफ५ वर दिलेला. खरं सांगू का, ज्याला जमा-नावे कळते त्याला अर्धं टॅली येतेच, अडते ते बोटांचं अन् चुकलं तर काय होईल या भीतीचं. म्हणून सरावाला टॅलीतच एक खोटी कंपनी उघडून द्या, त्यात काय गोंधळ घालायचा तो घालू द्या. वही हिसकावू नका, महिनाभर दोन्ही चालू द्या, रोज संध्याकाळी रोकड जुळवा. फक्त हे दिवाळीच्या गर्दीत नका काढू.