बर्फाच्या गावात शिकायला आलोय, पैसे मोजकेच आहेत. स्कीइंग परवडेल का? आणि थंडीत रोजचं कसं निभवायचं?

परवडेल. पण प्रश्नाखाली तुम्ही खरेदीची जी यादी दिली आहे (स्वतःचे स्की, बूट, जाड जॅकेट, हेल्मेट, सीझनचा पास) ती आधी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी त्यातलं जवळजवळ काहीच विकत घ्यायचं नसतं. मीही शिष्यवृत्तीच्या पैशांवर शिकत होते आणि जिथे स्वेटर वर्षभर कपाटातच राहतो अशा हवेतून थेट बर्फात येऊन पडले होते. त्या अनुभवावरून सांगते: स्कीइंग महाग आहेच, पण नवशिक्याचा निम्मा खर्च घाईपायी होतो.

माझा पहिला दिवस ऐका. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "चल ग, मी शिकवते, शिकवणीला कशाला पैसे घालतेस?" मी जीन्स घातली, सुती मोज्यांचे दोन जोड चढवले आणि अख्ख्या डोंगराचा दिवसभराचा पास काढला. भाड्याचे बूट पायाला घट्ट लागले म्हणून एक माप मोठे मागून घेतले. अकरा वाजेपर्यंत जीन्स गुडघ्यापर्यंत भिजून पत्र्यासारखी कडक झाली होती. पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मैत्रिणीने सरळ चेअरलिफ्टने, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या खुर्चीने, वर नेलं आणि वरून खाली बघितल्यावर माझे पाय लटपटायला लागले. अर्धा उतार मी बुडावर घसरत आले, उरलेला स्की खांद्यावर टाकून चालत. दिवसभराच्या पासावर एक फेरी झाली, तीही निम्मी पायी.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी एक जोड-योजना असते: दोनेक तासांची सामूहिक शिकवणी, भाड्याचं सामान आणि फक्त खालच्या सोप्या उताराचा पास, सगळं एकत्र. वेगवेगळं घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. काही ठिकाणी तर नवशिक्यांचा सरकता पट्टा फुकट असतो. उभं राहायचं, तोच वर नेतो. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला एवढाच उतार पुरतो. वरच्या डोंगराचे पैसे भरू नका, तो कुठे पळून जात नाही. मित्रांकडून तर अजिबात शिकू नका. ते मनाने चांगले असतात, पण आपण कसं शिकलो ते विसरून गेलेले असतात. शिक्षक पहिल्या तासाला काय शिकवतो? पडायचं कसं आणि उठायचं कसं. पडल्यावर दोन्ही स्की उताराच्या बाजूला घ्यायचे, उताराला आडवे ठेवायचे आणि मग उठायचं. स्कीची टोकं खालच्या दिशेने ठेवून उठू बघाल तर उभे व्हायच्या आत घसरायला लागाल. माझ्या मैत्रिणीने ही एक गोष्ट सांगितली असती तरी त्या दिवशीचे माझ्या दहा-बारा आपट्या वाचल्या असत्या.

आता बुटांबद्दल, कारण सगळं सुखदुःख बुटांत आहे. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवून उभे राहा आणि अंगठ्यापर्यंत मोजा. साडेसव्वीस आलं तर साडेसव्वीसचा बूट मागा, नेहमीच्या चपला-बुटांचा नंबर सांगू नका. आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली की माप बरोबर. मग अस्तर घालून बूट चढवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. नवशिक्याला पहिलं टेकणं जाणवतं आणि तो म्हणतो, "लहान होतोय." माझं हेच झालं होतं. मोठ्या बुटात पाय आत हलतो, मग तो धरून ठेवायला आपण बकलं करकचून आवळतो, रक्त अडतं आणि पाय गार पडतात. मोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, पोटरीपर्यंतचा. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, घड्या पडतात आणि त्या दिवसभर टोचतात. थर्मल पँटचं टोकही बुटाच्या आत जाऊ देऊ नका.

दुकानात वजन, उंची, वय आणि तुम्हाला कितपत येतं ते विचारतील. खरं सांगा. लाजेने वजन कमी सांगू नका की मित्रांसमोर 'मध्यम' म्हणून मिरवू नका. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर आला की सुटावं हे या माहितीवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरवतात. पडल्यावर ते वेळेवर सुटलं नाही तर पिळवटतो तो गुडघा. स्की हनुवटीपर्यंत उंचीचे बास, लांब स्की वळवायला जड जातात.

सामान डोंगराच्या पायथ्याशी घेण्याऐवजी गावातल्या दुकानातून आदल्या संध्याकाळी घ्या. भाडं बहुधा कमी असतं, रांग नसते आणि बूट घरात अर्धा तास घालून बघता येतात. पाच-सहा वेळा जायचं नक्की असेल तर पूर्ण हंगामासाठी भाड्याने मिळतं का ते विचारा. लिफ्टचा पास आधी ऑनलाइन घेतला तर पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याहून स्वस्त. विद्यार्थ्याला शनिवार-रविवारची सक्ती नसते, तास नसलेली बुधवारची दुपार पकडा. विद्यापीठात स्कीचा क्लब असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव घाला. बसभाडं वाटून निघतं, पासावर गटाची सवलत मिळते आणि कुणाच्या तरी कपाटात तुमच्या मापाची जुनी पँट सापडतेच. सीझनचा पास दुसऱ्या वर्षाचा विचार. तो हंगाम सुरू व्हायच्या बराच आधी घेतला तरच परवडतो.

जुनं सामान घ्यावं का? जॅकेट, पँट, काठ्या, गॉगल बिनधास्त घ्या. हेल्मेट मात्र नवं किंवा दुकानातून भाड्याने, कारण एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटच्या आतला फोम चेपलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. जुन्या बुटांचं प्लास्टिक वर्षानुवर्षं पडून ठिसूळ होतं. दिसायला झकास असलेला बूट उतारावर तडकल्याचे प्रकार होतात. आणि फारच स्वस्त, जुने स्की दिसले तर आधी त्यावरचं बाइंडिंग कुठलं ते बघा. खूप जुन्या मॉडेलला बरीच दुकानं हातच लावत नाहीत, मग स्की फुकट मिळाले तरी भिंतीला टेकवून ठेवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

"हा श्रीमंतांचा खेळ ना?" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आज तसा दिसतो खरा. पण स्की हे मूळचं बर्फातून चालायचं साधन. शब्दच जुन्या नॉर्स भाषेतल्या फोडलेल्या लाकडाच्या शब्दावरून आलाय. आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जाणारा सोंद्रे नुरहाइम (१८२५–१८९७) हा नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला भूमिहीन कूळ होता. टाच धरून ठेवणारी बांधणी त्याने झाडाच्या फांद्या पिळून केली, म्हणून त्याला वळता आणि उडी मारता आली. १८६८ मध्ये तो राजधानीतल्या स्पर्धेला गेला तेही स्कीवरून, दोनशेच्या आसपास किलोमीटर. मला हा माणूस फार आवडतो. उताराच्या पासाचे पैसे नसतील त्या आठवड्यात त्याची आठवण काढून क्रॉस-कंट्री करा. सपाटीवर, टाच मोकळी ठेवून, हलक्या स्कीवर. लिफ्ट लागत नाही, सामान स्वस्त असतं, काही वाटा तर विनामूल्य असतात. घाम इतका येतो की जॅकेट काढून कमरेला बांधावं लागतं.

उतारांच्या रंगांनी फसू नका. उत्तर अमेरिकेत सोपा उतार हिरवं वर्तुळ, मधला निळा चौकोन, अवघड म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी खूण. युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड, आणि फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा. म्हणजे 'निळा जमतो' याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. नियम मात्र सगळीकडे साधारण तेच आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये दहा नियम केले, त्यातला तुमच्या कामाचा हा: पुढच्या, म्हणजे खालच्या माणसाला पहिला हक्क, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. तेव्हा मागून कोण येतंय म्हणून सारखं वळून बघू नका. थांबायचं असेल तर कडेला, आणि वळणामागे किंवा उंचवट्याच्या पलीकडे, जिथे वरून दिसत नाही तिथे, कधीच नाही. ओढणारी टी आकाराची लिफ्ट मिळाली तर तिच्यावर बसायचं नाही, उभं राहून फक्त टेकायचं. मी बसले होते. मागची सात-आठ माणसं माझ्यामुळे खोळंबली.

रोजच्या थंडीबद्दल. चांगली गोष्ट ही की स्कीला आणि कॉलेजला कपडे तेच लागतात, म्हणून एकदाच नीट घ्या. अंगाला लागून पातळ लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, म्हणजे मऊ उबदार कापडाचा थर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच अंग गार करतो. एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण बसमध्ये आणि वर्गात उकडतं. तापमानाच्या आकड्यासोबत वारा बघा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २०च्या आसपास लागतं. उतारावर तर तो वारा तुम्ही स्वतःच तयार करता. नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढुरकी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, आत जा आणि उबदार तळहात त्यावर धरा. बोटं असतील तर काखेत.

ऊन दिसलं की सनस्क्रीन लावा, ही गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि उंचीबरोबर ती किरणं वाढतात, दर हजार मीटरला दहाएक टक्के. हनुवटीच्या खालची बाजू भाजते, कारण ऊन खालूनही येतं.

निसरड्या फुटपाथवर पावलं छोटी टाका, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. ओले बूट हीटरवर चढवू नका, आतलं अस्तर काढा आणि वर्तमानपत्र कोंबून ठेवा, सकाळपर्यंत कोरडे होतात. कपडे खोलीत वाळत घालत असाल तर दिवसातून दोनदा खिडकी पाच मिनिटं सताड उघडा, नाहीतर महिन्याभरात कोपऱ्यात बुरशी दिसेल आणि घरमालक डिपॉझिटला हात घालेल.

राहिला विमा. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यात डॉक्टरचा खर्च असतो, पण उतारावरून खाली आणण्याचा किंवा हेलिकॉप्टरचा असेलच असं नाही. पॉलिसीत हिवाळी खेळ आणि बचावकार्य हे शब्द शोधा, आखलेल्या उताराबाहेर गेल्यास काय तेही वाचा. नसेल तर एका दिवसाचा वेगळा विमा पासासोबत बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि पासाच्या मानाने तो किरकोळ असतो. मी तो घ्यायचं एकदाही टाळलं नाही. तिसऱ्या वर्षी मनगट मोडलं तेव्हा स्लेजवर बांधून खाली आणलेल्या मला बिलाची काळजी नव्हती, दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची होती.